राजा म्हणून बोलताय की माणूस म्हणून?



आमचा एक दोस्त हिंगोलीतल्या एका कचेरीत वर्ग तीनचा कारकून आहे. कचेरीचं नाव छापत नाही. छापलं तर उद्या त्याचंच टेबल हलेल. मागच्या महिन्यात कचेरीसमोरच्या टपरीवर चहा पिताना विषय निघाला. विषय कसा निघतो ते तुम्हाला माहीत आहे. कुणाचा तरी भाचा परीक्षेत दोन मार्कांनी हुकतो, आणि मग चार माणसं आमच्या माणसाकडे बघत नाहीत. मुद्दाम बघत नाहीत. एक जण सुस्कारा टाकतो, "तुमचं बरं आहे बुवा. आमच्या पोरांनी मेरिट घेऊन काय करायचं? लोणचं घालायचं?" सगळे हसले. आमचा दोस्तही हसला. कप ठेवला, पैसे दिले, चौघांचे दिले, आणि आत जाऊन फायलीत डोकं घातलं.

रविवारी वाचन बैठकीला आला तेव्हा म्हणाला, "दादा, चळवळीत धा वर्षं काढली. मोर्च्यात घसा फोडून घेतला. पन त्या टपरीवर तोंड शिवल्यावानी झालं. रातच्याला घरी गेलो अन् भिंतीला दोन तास उत्तर देलं."

ही भिंत आपल्या प्रत्येकाच्या घरात आहे. हा अंक त्या भिंतीसाठी.

घोषणा चुकीची नाही. घोषणेशिवाय हा मराठवाडा हलला नसता. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाने विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला आणि आमच्या वस्त्या पेटल्या. नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ ला. मधली साडेपंधरा वर्षं आमच्या आईबापांनी घशाच्या आणि पायाच्या जोरावर काढली. पण मोर्च्यात समोर पोलीस असतो. संध्याकाळी तो त्याच्या घरी, आपण आपल्या घरी. कचेरीत समोरचा माणूस उद्या दहा वाजता पुन्हा शेजारच्या खुर्चीत हजर. रजेचा अर्ज त्याच्या हातून पुढं सरकायचा असतो, गोपनीय अहवाल त्याच्याच साहेबाने लिहायचा असतो. तिथं मूठ आवळून भागत नाही. तिथं वाक्य लागतं. वाक्य आपल्याकडे नसतं असंही नाही. ते दोन तास उशिरा येतं, आणि भिंतीसमोर येतं.

वाक्य वेळेवर कसं यावं, ह्याची एक जुनी गोष्ट आपल्याच जिल्ह्यातली आहे. औंढ्याच्या नागनाथाच्या देवळात विसोबा खेचर पिंडीवर पाय टाकून पडलेला. नर्सीच्या नामदेवाने ते पाहिलं आणि तो खवळला. पाय काढ म्हणाला. विसोबा म्हणाला, मी म्हातारा, माझ्याच्यानं उचलवत नाहीत; जिथं देव नाही अशा जागी तूच उचलून ठेव. अशी कथा सांगतात. आम्ही बुद्धाच्या वाटेचे. पिंडीशी आम्हाला देणंघेणं नाही, आणि पुढं जागोजाग पिंडी उगवल्या त्या चमत्काराशी तर मुळीच नाही. पण युक्तिवाद बघा की. विसोबाने नामदेवाला 'तू चूक' म्हटलं नाही. देव सगळीकडे आहे, हे नामदेवाचंच म्हणणं. विसोबाने ते खरं धरलं आणि त्याला घेऊन एक पाऊल पुढं चालून दाखवलं. राग तिथंच गळाला.

बौद्ध तर्कात ह्याला 'प्रसंग' म्हणतात. नागार्जुनाचं हे मुख्य हत्यार. आपला सिद्धान्त पुढं रेटायचा नाही. समोरच्याचा सिद्धान्त हातात घ्यायचा, तो खरा मानायचा, आणि त्यातून जे निघतं ते त्याच्याच ताटात वाढायचं. नामांतराच्या वेळी विचारलं जायचं, नाव बदलून काय पोट भरणार आहे का? बरं, नाही भरणार. नावात काही नाही म्हणता ना? मग ज्यात काही नाही त्यासाठी घरं कशाला जाळली? एवढंच. ह्याला आवाज चढवावा लागत नाही.

आता टपरीवर या.

लोणच्याचा विनोद करणारा तो वरिष्ठ लिपिक स्वतः अनुकंपा तत्त्वावर लागलेला. वडील नोकरीत असताना गेले, त्यांच्या जागी हा. बैठकीत हे कळल्याबरोबर पोरं उसळली. एक जण म्हणाला, "त्येला सरळ इचारायचं, तू कुठं मेरिटवर आलास बे?" टाळ्या पडल्या. आम्ही वाजवली नाही. पोरांना राग आला असेल, येऊ द्या.

कारण ते उत्तर नाही. ते उट्टं आहे. 'तू पण' म्हटल्याने माझं बरोबर ठरत नाही. फार तर दोघेही चूक ठरतो. आणि त्याहून वाईट म्हणजे त्यात आपण त्याचं माप मान्य करून बसतो. नोकरी म्हणजे मार्कांचं बक्षीस, हे त्याचं माप. ते गुपचूप उचलून आपण त्याच्या बापाच्या मरणावर बोट ठेवलं. माणूस दुखावतो आणि माप तसंच राहतं.

हेच वाक्य उलटं धरा. "भाऊ, तुमची अनुकंपा एकदम रास्त आहे. घरातला कर्ता माणूस गेला, घर उघड्यावर पडलं, सरकारने हात दिला. द्यायलाच पाहिजे होता. म्हणजे मार्कांच्या बाहेरही नोकरी देण्याला न्याय्य कारण असू शकतं, हे तुम्हाला मान्य आहे. आता फक्त एवढंच बोलू, की शेकडो वर्षं घरातल्या प्रत्येक कर्त्याला मारून ठेवलं असेल तर ते कारण तुमच्या कारणापेक्षा मोठं की लहान?" ह्यात शिवी नाही. त्याचा अपमान नाही. आणि पळायला जागा नाही, कारण आधार त्याच्या स्वतःच्या नेमणुकीच्या आदेशातून घेतलाय.

दोस्ताने हे तसंच्या तसं म्हटलं का? नाही. तो म्हणाला, "एवढं लांबलचक टपरीवर कोन ऐकून घेतंय दादा?" खरंय. त्याने एवढंच विचारलं, "तुमची ऑर्डर मेरिटची का गरजेची?" आणि समोरचा गप्प झाल्यावर लगेच म्हणाला, "गरज बी कारनच असतंय नं भाऊ." हा दुसरा तुकडा महत्त्वाचा. पहिला एकटा सोडला असता तर ते पुन्हा उट्टंच झालं असतं.

मेरिटच्या बाबतीत आणखी एक पाहून ठेवा. हा शब्द आमची पोरं दिसली की जागा होतो, एरवी घोरत पडतो. महाराष्ट्रात १९८३ पासून विनाअनुदानित अभियांत्रिकी आणि वैद्यकीय महाविद्यालयं निघाली. पैसा मोजून जागा मिळू लागली. त्या डॉक्टरच्या सुईखाली दंड धरताना मेरिट आठवलं असा माणूस आम्हाला अजून भेटायचाय. जानेवारी २०१९ मध्ये १०३ वी घटनादुरुस्ती झाली. आर्थिक दुर्बल घटकांना दहा टक्के. त्यातून अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागासवर्गीय वगळलेले. ७ नोव्हेंबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने ती तीन विरुद्ध दोन अशी मान्य केली, आणि पन्नास टक्क्यांची जी भिंत आम्हाला वर्षानुवर्षं दाखवली जात होती ती इथं आड आली नाही. गरिबाला हात देऊ नका असं आम्ही म्हणत नाही. आम्ही विचारतो, त्या दिवशी टपरीवर लोणच्याचा विनोद का झाला नाही? जानेवारी २०२२ मध्ये तर वैद्यकीय प्रवेशांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेच सांगितलं की परीक्षेतले मार्क म्हणजे अख्खं मेरिट नव्हे. हे कात्रण पाकिटात ठेवायला हरकत नाही.

दुसरं नेहमीचं वाक्य: "बाबासाहेबांनीच दहा वर्षं म्हटलं होतं." हे इतक्या खात्रीने म्हटलं जातं की आपलीच पोरं चाचरतात. इथं तर्क लागत नाही, पुस्तक लागतं. दहा वर्षांची मुदत राज्यघटनेच्या कलम ३३४ मध्ये होती, आणि ती लोकसभा नि विधानसभांतल्या राखीव जागांना होती. ती दर दहा वर्षांनी संसदेने वाढवली. १०४ व्या दुरुस्तीने ती २५ जानेवारी २०३० पर्यंत गेली आहे. नोकरीतलं आरक्षण कलम १६(४) मध्ये. तिथं मुदत नाही. कधीच नव्हती. हे सांगताना हसायचं नाही, 'तुम्हाला एवढंही माहीत नाही?' असं तर मुळीच नाही. "कलम सांगता का भाऊ?" एवढं विचारायचं आणि थांबायचं. जो दावा करतो, पुरावा त्याने आणायचा. आपल्याला एक वाईट खोड आहे: समोरचा फेकतो आणि आपण धावत जाऊन गोळा करत बसतो.

तिसरं वाक्य जरा शहाजोग असतं, म्हणून जास्त वेळ घेतो. "आमचा कुणावर राग नाही हो, पण कामाचा दर्जा घसरतो." हे कार्यकारणाचं वाक्य आहे. कारण सांगितलंय, परिणाम सांगितलाय. अशा वाक्याची तपासणी कशी करायची ते दिङ्‌नागाने दीड हजार वर्षांपूर्वी शिकवून ठेवलंय. तो म्हणतो, हेतू खरा ठरायला तीन गोष्टी जुळाव्या लागतात. ज्याच्याबद्दल बोलतोय तिथं तो असला पाहिजे. तसाच परिणाम जिथं दिसतो तिथं तो आढळला पाहिजे. आणि जिथं तो परिणाम नाही तिथं तो अजिबात आढळता कामा नये. सगळे वाद ह्या तिसऱ्या पायरीवर घसरतात. धूर असला की विस्तव म्हणतो, कारण तळ्यात धूर निघत नाही.

तर विचारा, जिथं काम उत्तम चाललंय अशा जागी राखीव जागेवरची माणसं नाहीत का? हिंगोली डेक्कन स्टेशनावर उभं राहून गाडी बघा. रेल्वे हे देशातल्या सर्वांत मोठ्या सरकारी नोकरखान्यांपैकी एक, आणि तिथं आरक्षण जुनं. अश्विनी देशपांडे आणि थॉमस वाइसकॉफ ह्या दोन अर्थशास्त्रज्ञांनी रेल्वेची १९८० ते २००२ ची आकडेवारी काढून तपासली. अनुसूचित जाती-जमातींचं प्रमाण जिथं जास्त, तिथं उत्पादकता घसरते का? घसरल्याचा पुरावा मिळाला नाही. उलट वरच्या श्रेणींत त्यांचं प्रमाण वाढलं तिथं कामगिरीला फायदा झाल्याची चिन्हं दिसली. त्यांचा निबंध २०१४ मध्ये छापून आला. तिसरी पायरी कोसळली. आता त्या भल्या माणसाने दुसरं कारण शोधावं. साहेब साडेअकराला येतात, हे कारण तपासून बघायला आमची ना नाही.

आणि "आता जात राहिली कुठं?" म्हणणाऱ्यासाठी सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल. त्यांनी २००७ मध्ये जे छापलं ते साधं होतं. खासगी कंपन्यांच्या ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठवले. शिक्षण सारखं, फक्त आडनाव वेगळं. दलित नावाला बोलावणं येण्याची शक्यता सवर्ण नावाच्या दोन तृतीयांशच भरली. जात कुठं राहिली? पाकिटावरच्या आडनावात.

आता थोडं बाबासाहेबांकडे. आपण त्यांचा फोटो लावतो, त्यांची वाद घालण्याची रीत शिकत नाही. १९३६ चं जातिनिर्मूलनाचं न झालेलं भाषण घ्या. समोरचा म्हणतो, जात म्हणजे श्रमविभागणी, सगळ्या सुधारलेल्या समाजात ती असते. बाबासाहेब श्रमविभागणीला नाही म्हणत नाहीत. ते एकाच शब्दाच्या पोटातल्या दोन गोष्टी सुट्या करून दाखवतात. कामाची विभागणी वेगळी, काम करणाऱ्यांची विभागणी वेगळी; आणि ह्या दुसऱ्या विभागणीत वर-खाली पायऱ्या आहेत, आवडीनिवडीला जागा नाही. समोरच्याने एका शब्दात दोन अर्थ बांधून आणले की गाठ सोडायची. कचेरीत असे शब्द भरपूर: 'शिस्त', 'कुटुंब', 'आपली माणसं', 'वातावरण बिघडवणं'.

आणि कामाच्या जागेवरचा त्यांचा वाद तर त्याआधीचा. १९२८, मुंबईच्या गिरण्यांचा मोठा संप. विणकाम खात्यात पगार जास्त, पण तिथं अस्पृश्यांना प्रवेश नाही. का? धोट्यातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागायचा, आणि सवर्ण विणकरांना आमच्या तोंडाचा धोटा चालत नव्हता. पुढारी म्हणत, कामगारांची एकजूट मोडू नका. बाबासाहेबांचा प्रश्न असा: ज्या एकजुटीत धोटा एक नाही ती कुणाची एकजूट? विणकाम खातं उघडण्याची मागणी तुमच्या यादीत घ्या, नाहीतर आमच्या लोकांनी ह्या संपात का राहावं? मागणी नाखुशीने यादीत गेली. गंमत पुढं आहे. मालक म्हणाले, हा अन्याय असेल तर तो आम्ही केलेला नाही. आणि ते खरंच होतं. मालकाविरुद्धच्या यादीत कामगारांचा स्वतःचा गुन्हा लिहून आला होता. ह्या धोट्याकडे शेवटी पुन्हा येणार आहे, विसरू नका.

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, म्हणजे तर्क शिकला की जिंकलो. नाही. जिंकण्याआधी एक प्रश्न आहे, आणि तो नागसेनाने विचारून ठेवलाय. ग्रीक राजा मिलिंद भिक्खू नागसेनाला म्हणाला, माझ्याशी वाद करा. नागसेन म्हणाला, पंडितवादाने बोलणार असाल तर करतो, राजवादाने बोलणार असाल तर नाही. पंडित वादात गुंडाळले जातात, सुटतात, चूक दाखवली तर कबूल करतात, पण रागावत नाहीत. राजे एक बाजू धरतात आणि त्यावर न डोलणाऱ्याला शिक्षा फर्मावतात. राजाने आधी पंडितवाद कबूल केला, मगच नागसेन बोलला. बाबासाहेबांनी १९५० मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत सुरू केलेल्या महाविद्यालयाला पुढं मिलिंदाचं नाव मिळालं, आणि आवाराला नागसेनवन. तिथं शिकून आलेले आमच्यात कितीतरी आहेत. गेटवर रोज वाचलेली ती पाटी म्हणजे वादाची पहिली अट आहे, हे त्यातल्या किती जणांना ठाऊक असेल?

टपरीवर बरोबरीचा कारकून बोलतो तेव्हा पंडितवाद शक्य आहे. केबिनमध्ये साहेब बोलतात तेव्हा तो राजवाद असतो, मग ते कितीही हसून बोलोत. राजाशी तोंडी वाद घालायचा नाही, दोस्तांनो. तिथं उत्तम युक्तिवादसुद्धा 'उर्मटपणा' ह्या नावाने नोंदला जातो. तिथं कागद बोलला पाहिजे.

आमच्या दोस्ताचंच सांगतो. मासिक बैठकीत साहेब म्हणाले, "आपल्याकडे अनुशेष नाही. उलट तुमचे जरा जास्तच भरलेत." सगळे ह्याच्याकडे बघायला लागले. ह्या वेळी तो हसला नाही आणि भांडलाही नाही. "होय साहेब" म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी माहिती अधिकाराचा अर्ज आवक-जावकमध्ये देऊन पोच घेतली. मागणी एकच: बिंदुनामावलीची नोंदवही, साक्षांकित प्रत. तिसाव्या दिवशी प्रत हातात. दोन रविवार आम्ही ती घेऊन बसलो. तीन माणसं अशी निघाली की जी खुल्या गुणवत्ता यादीतून निवडली गेली होती, पण जात बघून राखीव बिंदूंवर चढवलेली. सर्वोच्च न्यायालयाने सभरवाल प्रकरणात १९९५ मध्येच सांगितलंय की खुल्या स्पर्धेत स्वतःच्या गुणांवर आलेला मागासवर्गीय राखीव जागेत मोजायचा नाही. डिसेंबर २०२० मध्ये पुन्हा सांगितलं की खुला म्हणजे सगळ्यांना खुला. तीन माणसं मेरिटवर आली, आणि आल्याबरोबर त्यांचं मेरिट पुसून 'जास्तच भरलेत' तयार झालं. बघा, मेरिटचं लोणचं कोण घालतंय.

दोस्ताने चार ओळींचं निवेदन दिलं. विशेषण एकही नाही. अमुक बिंदू, अमुक आदेश, अमुक निकाल, तपासणीसाठी नोंदवही विभागीय आयुक्तालयाच्या मागासवर्ग कक्षाकडे पाठवावी ही विनंती. आम्ही पहिल्या मसुद्यात 'जातीयवादी' हा शब्द घातला होता. त्याने तो काढला. आम्हाला तेव्हा जरा लागलं, पण तो बरोबर होता. त्या शब्दावर चौकशी लागली असती. बिंदूवर लागणार नाही. कागद गेलाय. अजून परत आलेला नाही.

पदोन्नतीचं एका ओळीत, कारण टोमणा रोज ऐकतो: "तुम्हाला प्रमोशन पटापट." महाराष्ट्रात ज्या २००४ च्या शासन निर्णयाने पदोन्नतीत आरक्षण होतं तो मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये रद्द ठरवला, आणि ७ मे २०२१ च्या शासन निर्णयाने पदोन्नतीच्या जागा सेवाज्येष्ठतेने भरायचं ठरलं. टोमणा मारणाऱ्याला तारखा सांगा आणि चहा पाजा.

आता खरी अडचण.

ह्या सगळ्या बैठकांना आमचा एक मातंग साथी येतो. कमी बोलतो. तो परवा म्हणाला, "एक ऑगस्ट २०२४ चा निकाल आला तवा तुम्ही कोनतं हत्यार वापरलं?" सात न्यायमूर्तींच्या पीठाने सहा विरुद्ध एक अशा मताने अनुसूचित जातींत उपवर्गीकरण करायला राज्यांना मुभा दिली, तो निकाल. खोली थंड झाली. मग आमच्यातले दोघं-तिघं बोलले, आणि त्यांची वाक्यं आम्ही जशीच्या तशी लिहून घेतली.

"त्याने समाजाची एकजूट फुटेल." "तुमच्या लोकांनी शिकायला पाहिजे होतं." "जागा काय कुणी अडवून ठेवल्यात का? स्पर्धा करा, घ्या."

वाचा पुन्हा. सावकाश वाचा. पहिलं वाक्य १९२८ च्या गिरणीतलं आहे. दुसरं टपरीवरचं. तिसरं तर लोणच्याच्या बरणीतलं. आमच्या तोंडात ही वाक्यं कधी आली? साथी शांतपणे म्हणाला, "सवर्णांनी म्हनलं की त्ये मनुवाद, अन् तुम्ही म्हनलं की एकजूट?" विसोबाने नामदेवाला केलं तेच ह्याने आम्हाला केलं. आमचंच म्हणणं उचललं आणि पाय ठेवायला जागा दाखवा म्हणाला.

आम्ही निकालाच्या बाजूने आहोत की विरोधात, हे संपादकीयात ठरवून टाकायचा अधिकार आमचा नाही. विरोध करायला सरळ कारणं आहेत, आणि ती मांडता येतात. अनुसूचित जातींची यादी कलम ३४१ खाली येते, तिच्यात राज्यांनी हात घालावा का, ह्यावर न्या. बेला त्रिवेदींची भिन्नमतपत्रिका आहे. आकडेवारी आधी, वाटणी नंतर, हा मुद्दा आहे. उपवर्गीकरणाला पुरावा लागेल आणि तो न्यायालयात तपासता येईल, असं निकालातच म्हटलंय. जागाच भरल्या नाहीत तर वाटायचं काय, हाही आहे. ह्यातलं काहीही बोला. त्याच वेळी ऐकायचीही तयारी ठेवा, की महाराष्ट्रातल्या यादीत ५९ जाती आहेत आणि तेरा टक्क्यांतलं कुणाच्या दारात किती पोचलं हा प्रश्न विचारणं म्हणजे फितुरी नव्हे. पँथरच्या १९७३ च्या जाहीरनाम्याने दलित ह्या शब्दात भूमिहीन, कामगार, स्त्रिया, सगळ्यांना घेतलं होतं. तेव्हा शब्द मोठा केला. आता शेजारी बसलेल्याचा प्रश्न आला तर तो लहान करायचा का?

आणि राजवाद. तोही बघून घ्या. आमच्या बैठकीत आम्ही बहुसंख्य, तो एकटा. तो बोलला तेव्हा आमच्यातल्या दोघांच्या कपाळावर आठी चढली. त्याने ती पाहिली. टपरीवर चौघांचे पैसे देणारा आमचा दोस्त त्या दिवशी त्याच्या शेजारी बसला होता. बैठक सुटल्यावर म्हणाला, "दादा, ह्यो पन आता घरी जाऊन भिंतीशी बोलन."

म्हणून पुढच्या रविवारची बैठक वेगळी ठेवली आहे. वेळ नेहमीचीच, सकाळी दहा. साथी मुद्दे मांडणार, अर्धा तास कुणी मध्ये बोलायचं नाही. मग आम्ही उत्तर द्यायचं. प्रत्येकाने एकच मुद्दा, पुराव्यासह, आणि 'एकजूट' हा शब्द वापरणाऱ्याने सगळ्यांचा चहा पाजायचा. टिपणं दोघं घेतील, एक आमच्यातला, एक त्याच्याकडचा. जे निघेल ते पुढच्या अंकात छापू, आमची हार निघाली तर तीही. ज्यांना यायचंय त्यांनी घटनेची प्रत आणि वही सोबत आणावी.

जय भीम.

— संपादक